जड अंतःकरणाने दिलेला नकार

सासूबाईंची हृदयाची गोळी एकदा चुकली आणि त्या स्वयंपाकघरात कोसळल्या. आठवणीचा गजर लावलेला होता, पण फोनचा आवाज बंद. धाकट्या भावोजींनी त्यानंतर नोकरी सोडली. आवाज बंद असला तरी गोळीच्या वेळी वाजेलच असं अ‍ॅप करायचं, हा एकच ध्यास. दोन वर्षांत ते हजारो घरांत पोचलं.

आमचे हे त्या फोनच्याच कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. एकदा जेवताना ह्यांनी विचारलं, "हे जमवतोस तरी कसं रे?" भावोजींनी उष्टा हात तसाच ठेवून, डाव्या हातानं एका पाकिटाच्या पाठीवर सगळं काढून दाखवलं. सख्ख्या भावापासून काय लपवायचं! पाकीट ह्यांनी घडी करून खिशात घातलं. मला तर भावाचं कौतुकच वाटलं.

ह्यांची ऑफिसची पत्रं मी वाचून नीट करते. मागच्या महिन्यात एक आलं, ज्याला जायचं त्याच्या नावाची जागा कोरी. आवाज बंद असताना गजर वाजवायची बाहेरच्या अ‍ॅपना असलेली मुभा येत्या एक तारखेपासून काढून घेण्यात येत आहे, असा मजकूर.

"अहो, कुणाचं तरी पोट असेल यावर. जरा मायेनं लिहा."

"मग तूच लिही."

मी लिहिलं.

महिनाअखेरीस भावोजी तेच पत्र घेऊन आले आणि जेवणाच्या टेबलाशी उभ्यानंच वाचू लागले. "'आपल्या कष्टांविषयी आम्हाला मनापासून आदर आहे. जड अंतःकरणाने हा निर्णय...' केसानं गळा कापतात म्हणतात तो असा! आणि परवा कंपनीचं स्वतःचं गोळ्यांचं अ‍ॅप आलं, ते बरं वाजतं! दादा, वर कुणाशी तरी बोल ना."

"बघतो," हे म्हणाले.

माझ्यानं राहवेना. "भावोजी, ती वाक्यं माझी आहेत."

"वहिनी, थट्टा तुम्हाला जमत नाही हो." ते हसले. मग त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हसू तिथंच विरलं.

"धोरण वरून येतं रे," हे पुटपुटले. "मी नसतो तर दुसऱ्यानं ते मंजूर केलं असतं."

"आणि पाकीट? तेही वरूनच आलं?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून सासूबाई बाहेर आल्या. भावोजींनी कागद खिशात कोंबला.

"आई, तुझा फोन दे जरा."

त्यांनी कंपनीचं अ‍ॅप सासूबाईंच्या फोनमध्ये घेतलं, तिन्ही वेळा लावल्या.

"राहू द्या ना," मी हळूच म्हटलं. "मी देत जाईन गोळ्या."

"तुम्ही बाहेर असलात तर? उद्यापासून माझं वाजणार नाही, वहिनी. तिची गोळी चुकायला नको."

फोन मुका करून त्यांनी गजर वाजवून पाहिला. खणखणीत वाजला.

"अगंबाई, आवाज मोठा केलास होय!" सासूबाई खूश झाल्या. "तुझंच ना रे हे?"

भावोजींनी फोन त्यांच्या हातात ठेवला.

"हो आई. माझंच आहे."