मानाचे चार दोर

मी एका नावेची डोलकाठी बोलतेय. साताऱ्याच्या डोंगरात डोलकाठी कुठून आली, म्हणून हसू नका. पहिल्यांदा मलाही हसूच आलं होतं.

कोयनेच्या खोऱ्यात मी साग म्हणून वाढले. सरळ अंगाची पाहून नाथाजीने मला निवडलं. हा उंब्रजच्या खालच्या अंगाचा, कृष्णाकाठचा गडी. उमेदीची सगळी वर्षं त्याने मुंबईला गलबतांवर घालवली. दुसरं महायुद्ध संपलं त्या साली गोदीत मालाची पेटी अंगावर कोसळली आणि त्याचा उजवा हात कायमचा लुळा पडला. वल्हं मारणं संपलं. पण शीड एका हाताने आवरता येतं. गावच्या नावेला शीड लावायचं, माणसं पैलतीरी न्यायची आणि बायकोजवळ, मनुबाईजवळ, राहायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. लग्न झाल्यापासून दोघांचा संसार असा झालाच नव्हता.

आकाराम सुतार मला तासायला बसला, की नाथाजी शेजारी उकिडवा. "बुडाला जाड ठिव, शेंड्याला बारीक. वाऱ्यात जरा लवाय पायजे गड्या, न्हाईतर तुटंल."

माझं बूड नावेच्या तळातल्या खाचेत घट्ट बसवलं. अंगाला शिडाची आडवी काठी जोडली. शेंड्यापासून चार दोर सोडून ते नावेच्या काठांना बांधले. शिडातला वाऱ्याचा भार माझ्यावर येणार, माझ्यातून तळावर आणि दोरांतून काठांवर उतरणार. डोलकाठी एकटीच ताठ उभी असते, असं लोकांना वाटतं. कसली एकटी! दोर सुटले की मी नुसती काडी.

दसऱ्याला नाव पाण्यात घालायची ठरली आणि तिथेच घोळ झाला. आमच्याकडे चैत्रात जोतिबाला उंच सासनकाठी नेतात. तिला दोर असतात आणि एकेक दोर धरायचा मान एकेका घराचा असतो. माझ्याही अंगाला दोर आहेत, हे लोकांनी पाहिलं. भाऊसो पाटील तीन मानकऱ्यांना घेऊन नावेत चढले ते दोर सोडवायलाच लागले.

"आवं पाटील, ही द्येवाची काठी न्हाई! वारं लय वाईट. दोर बांधलेलंच ऱ्हाऊ द्या."

"आरं, काठीचा दोर कवा बांधत्यात व्हय? आमची मनगटं काय मोडल्यात?"

मान दुखावला तर गाव नाव देणार नाही, हे नाथाजीला पक्कं ठाऊक होतं. त्याने दोर सोडू दिले आणि चौघांनी ते हातात धरले. मला त्याचा भारी राग आला, पण राग येऊन मी काय करणार?

चांगभलंचा गजर झाला, नाव निघाली. मधल्या पात्रात परतीच्या पावसाचं वारं शिडात भरलं. दोर मानकऱ्यांचे तळहात सोलत निसटले. मी आडवी झाले, नाव कलंडली. भिजून का होईना, सगळे काठाला लागले. माझ्या बुडाला मात्र चीर गेली. काठीच अपशकुनी, असं पाटलांनी पारावर सांगितलं, आणि शीड कायमचं उतरलं.

नाथाजीला गोदीच्या फाटकावर पहाऱ्याची नोकरी मिळाली. निघताना मनुबाई म्हणाली, "मीबी येते."

"आमी धा गडी एका खोलीत झोपणार. तुला कुटं ठिवू? आता सोताची नाव घिऊनच यीन."

तेव्हापासून मी त्यांच्या गोठ्याच्या छपराला टेकू आहे. वाऱ्याशी गाठ नाही. म्हैस अंग घासते, तेवढीच सोबत. दिवाळ्या आल्या नि गेल्या, नाथाजी आला नाही. धार काढून झाली की मनुबाई मला पाठ टेकून बसते. परवा म्हशीला म्हणाली, "नाव कुणाला पायजे व्हती गं? मला त्यो पायजे व्हता." मी हे ऐकलं आणि मला रडता येत नाही, याचं फार वाईट वाटलं.

तुमच्यापैकी कुणी मुंबईला गेलात आणि गोदीच्या फाटकावर लुळ्या हाताचा पहारेकरी दिसला, तर मनुबाई स्वतः सांगणार नाही ते तुम्ही सांगा. म्हणावं, नाव नको, शीड नको. आहेस तसा घरी ये.