सहा सारख्या पाकळ्या

मित्रांनो, या टेबलाच्या आखूड पायाखाली जो लाकडाचा ठोकळा दिसतोय, तो मी. एकेकाळी मी फूल होतो.

म्हणजे कापडावर फुलं छापायचा ठसा. कोरणाऱ्या म्हाताऱ्याने कंपासाने वर्तुळ काढलं, तेच माप कडेने फिरवून सहा खुणा केल्या आणि पटाशीने सहा पाकळ्या उठवल्या. कुठूनही फिरवा, फूल तेच. त्यामुळे छपाईवाल्या मास्तरांना माझी वरची बाजू कोणती, हे कधी बघावं लागलं नाही. रंगात टेकवायचं, कापडावर ठेवायचं, मुठीने ठोकायचं. माझे पडदे बघून लोक म्हणायचे, "काय सारखेपणा आहे!" मीही फुशारून जायचो.

मग एकदा मी मास्तरांच्या हातून फरशीवर पडलो. एका पाकळीचं टोक उडालं. त्यांच्या ते लक्षात येईपर्यंत अख्खा पडदा छापून झाला होता, आणि दर फुलाची तुटकी पाकळी भलत्याच दिशेला होती. मास्तरांनी कपाळाला हात लावला. त्यांच्या बायकोने मात्र पडदा उजेडात धरला.

"अहो, आता कुठे ही फुलं झाडावरची वाटतात."

"झाडाचं काय जातंय? त्याला कुठे गिऱ्हाईक सांभाळायचंय."

"कुंडीतलं फूल बघा. किड्याने पाकळी खाल्लीय. मधमाशी आली की नाही?"

"मधमाशी पडदे घेत नाही."

मास्तरांनी कानस काढली. समोरची पाकळी तेवढीच घासली. मग उरलेल्या मोठ्या दिसायला लागल्या, त्याही घासल्या. त्यांतली एक जरा जास्तच गेली. तिच्यासाठी पुन्हा बाकीच्या सगळ्या. मी ओरडत होतो, मित्रांनो, पण लाकडाचं ओरडणं कानशीच्या आवाजासारखंच असतं.

"बास करा हो आता."

"एवढी एक बाजू झाली की झालं."

शेवटी त्यांनी मला कापडावर ठोकलं. उमटला एक ठिपका. गोल, सगळीकडून सारखा.

"बरोबर आलंय," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी मला या टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवलं.

हे टेबल पूर्वी डुगडुगायचं, आता डुगडुगत नाही. सारखेपणाची माझी सेवा अशी चालू आहे. समोरच्या खिडकीला मास्तरांच्या बायकोने तो तुटक्या पाकळ्यांचा पडदा लावलाय. वारा आला की माझी फुलं हलतात. मी इथून बघतो.

मित्रांनो, तुमच्या हातून एखादी वस्तू पडली, टवका उडाला, तर कानस शोधण्याआधी तिला एकदा उजेडात धरा. पडद्याला कुणीतरी धरलं. तो वाचला.