भोंग्यातली माय

"रुपचंद, आवाज जरा वाढव रे," स्टेजवरून शालिग्राम सर म्हणाले. "कविता हळवी आहे."

वाढवतो की! आज तुमचाच आवाज वाढवायला बसलोय, असं मनात म्हटलं आणि मशीनचं बटण फिरवलं. चोपड्याच्या बाजाराच्या मैदानात चारी बाजूंना माझे भोंगे बांधलेले. केळीवाल्यांचा मेळावा, भाषणं आटोपलेली, उन्हं उतरायला लागलेली, आणि पाहुणे कवी म्हणून आणलेला हा जळगावचा प्राध्यापक. याच माणसानं माझी माय चोरली होती.

सांगतो. मी माइकवाला. लग्न असो की सभा, भोंगे बांधले की माइक तपासावा लागतो. बाकीचे 'हॅलो, हॅलो, वन, टू, थ्री' करतात. मी माझ्या दोन ओळी म्हणायचो:

'माय गयी पानीले, घागर उनी घरले,
माय कोठे राहिनी, पुसू कोनले?'

मी लहान असताना माय विहिरीवर गेली ती परत आलीच नाही. शेजारणीनं घागर तेवढी आणून दिली. शाळा माझी चौथीपर्यंत, पण लिहायची हौस दांडगी. आयुष्यात धड जमल्या त्या या दोनच ओळी, आणि त्यासाठी किती रडलो ते माझं मला ठाऊक. छापणार कोण? म्हणून मी त्या भोंग्यातून ऐकवायचो. मांडव रिकामाच असायचा, पण नळावर धुणं धुणाऱ्या बायांचे हात थांबायचे. मला तेवढं पुष्कळ होतं.

मागच्या साली हे सर इथंच आले होते. मी माइक तपासत होतो आणि ते स्टेजमागे चहा पीत होते. "वा! काय गोड बोली आहे!" म्हणाले. मी लाजलो, मूर्ख कुठला! दिवाळीत माझा दोस्त पुना, त्याच्या टपरीवर रेडिओ लागला होता, त्यात हेच सर आपल्या स्वर्गवासी आईवर कविता म्हणत होते. सुरुवातच माझ्या ओळींनी. अहो, त्यांची आई चांगली ठणठणीत! मागच्या खेपेला सोबत आली होती, जाताना माझ्याकडून केळीचा घड बांधून घेऊन गेली.

मेळाव्याला हेच कवी येणार असं कळलं तेव्हा पुना पेटला. "भो, त्यानी कविता सुरू करी का तू माइक बंद करी टाक!"

"नही रे," मी म्हटलं. "बंद करा तं त्यानी लाज वाची जाई. बठ्ठा गावले ऐकू दे."

सगळ्या गावाला ऐकवूनच सोडायचं, असा मी डूख धरला होता. त्या दिवसापासून दर बाजाराला, दर लग्नाला, कीर्तनाच्या आधीसुद्धा मी त्याच ओळींचा रतीब घातला. लोक वैतागले, पोरंटोरं नक्कल करायला लागली: 'हॅलो, हॅलो, माय गयी पानीले!' करा म्हटलं, पाठच करा.

आता सरांनी डोळे मिटले, हात छातीवर ठेवला. "माझ्या दिवंगत आईस..." आणि सुरू केलं, "माय गयी पानीले..."

मागून कोणीतरी ओरडलं, "हॅलो, हॅलो!"

मैदान फुटलं हसून. सर दचकले. पुन्हा म्हणाले, "माय गयी..." तर अर्धा बाजार एका सुरात, "घागर उनी घरले!"

"ओ सर, माइक चालू शे, तपासू नका!"

"ते तं रुपचंदनं टेस्टिंग शे!"

सरांनी गिळलेला आवंढासुद्धा चारी भोंग्यांतून ऐकू आला. मी आवाज तसूभर कमी केला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी हात जोडले. कविता तशीच टाकून ते खाली उतरले आणि जीपमध्ये जाऊन बसले. काळीज कसं गार झालं म्हणून सांगू!

"जिकी गया रे भो!" पुनानं मला मिठीच मारली.

जिंकलो खरा. पण लोकांचं हसू थांबेना. पुढच्या रांगेतून सुपडूनाना उठून माझ्याकडे आले. माझ्या मायला विहिरीतून वर काढणाऱ्यांत हे नाना होते. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. मला वाटलं, यांना तरी आठवली.

"काय हसाडं रे तू आज!" नाना म्हणाले. "माय गयी पानीले... हॅलो, हॅलो..." आणि पोट धरून पुन्हा हसायला लागले.

मी वायरी गुंडाळत बसलो. मीच शिकवलं होतं सगळ्यांना.

पुढच्या लग्नाला नळाजवळच मांडव होता. भोंगे बांधून मी माइक हातात घेतला, तशा धुणं धुणाऱ्या बायांनी तोंडाला पदर लावले. एक तर आधीच खुदखुदत होती. "म्हन ना भाऊ," ती म्हणाली.

मी माइक तोंडाशी धरला.

"हॅलो, हॅलो," म्हटलं. "वन, टू, थ्री."

आवाज स्वच्छ येत होता. बायांनी पदर सोडले आणि धुणं आपटायला घेतलं.