आपोआप

बाकाच्या झाकणाच्या बिजागरीचा खिळा पुन्हा वर आला होता... तेवढासाच, अंगठ्यानं दाबला की आत जायचा, सोडला की हळूच डोकं काढायचा. ती दाबत होती, सोडत होती. बाई भागाकार शिकवत होत्या आणि फळ्याशेजारी नवा मॉनिटर, सगळे ज्याला चष्म्या म्हणतात तो, हातात खडू घेऊन असा उभा होता, जसा काही तो खडू जन्मापासून तिथंच उगवलेला. तो खडू त्याच्या नाकात कोंबावा. चष्मा पायाखाली घ्यावा आणि टाच फिरवावी, करकर आवाज येईपर्यंत... खिळा अंगठ्यात रुतला तरी ती दाबतच राहिली.

काल मॉनिटर निवडताना बाईंनी सगळ्यांना बाकावर डोकी टेकायला लावली होती. डोळे मिटा, आपल्या माणसाचं नाव आलं की हात वर करा, कुणी कुणाचं बघायचं नाही. तिनं बघितलं नव्हतं. मी डोळे मिटले होते, घट्ट मिटले होते. पण बाक एकच, आणि कोपराला कोपर लागलेलं — चष्म्याचं नाव आलं आणि तिच्या डाव्या कोपराला टेकलेलं ते ऊबदार कोपर उठलं. तिथं नुसती हवा लागली, गार. मग तिचं नाव आलं, तेव्हा ते कोपर परत जागेवर येऊन बसलं होतं. दगडासारखं.

कोपर शेपटीचं. बालवर्गापासून ही जिथं जाईल तिथं मागोमाग ती, म्हणून वर्गानंच ठेवलेलं नाव. निकाल लागल्यावर मागच्या बाकावरून कुणीतरी कुजबुजलं, "अगं, तुझी शेपटीच फिरली की." म्हणजे कुणीतरी डोळे उघडे ठेवलेच होते. सगळे हसले, आणि ती पण हसली. ते हसू रात्रभर घशात अडकलं होतं, माशाच्या काट्यासारखं.

"झाकण धर ना जरा," शेपटी म्हणाली. रबर आत, पार कोपऱ्यात गेलं होतं. दोघींच्या बाकाला झाकण एकच, जड, जुन्या लाकडाचं. तिनं धरलं. शेपटीनं हात पुढे केला, तोच हात, कालचा, आणि बोटं कडेवर टेकवून ती वाकून बघू लागली, किती निर्धास्तपणे, जसं काही घडलंच नाही...

तिनं झाकण सोडलं नाही. दाबलं. अंगाचा सगळा भार देऊन.

शेपटी ओरडली नाही. तिनं फक्त श्वास आत घेतला आणि तो बाहेर सोडायला विसरली. लाकडावर रक्ताची रेघ उमटली, भागाकार थांबला, बाई धावत आल्या. काय झालं, कुणी केलं? तिच्या तोंडात उत्तर तयार होतं. मीच, आणि का ते पण सांगते. थोबाडीत बसली असती तरी गाल पुढे केला असता तिनं.

"आपोआप पडलं, बाई," शेपटी म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "बिजागरी ढिली आहे."

शाळा सुटल्यावर ती बाबांच्या दुकानात गेली. बाबा काचा कापायचे. हिऱ्याच्या टोकानं रेघ ओढायची, एक टिचकी, की काच सरळ दोन. वाकड्या निघालेल्या पट्ट्या मागच्या लोखंडी पिंपात. काल त्यांनी, हरलीस तर हरलीस, ताटावर राग काढू नकोस, एवढंच म्हटलं होतं. आज त्यांनी तिचा चेहरा पाहिला, जाड हातमोजे आणि डोळ्यांवर लावायचा गॉगल दिला.

"फोड. पण डोळे उघडे ठेवून."

तिनं फोडल्या. ही चष्म्याची. ही बाईंची. ही मागच्या बाकाची, ही त्याच्यासाठी वाजलेल्या टाळ्यांची, ही पुन्हा चष्म्याची, त्याच्या आईची, त्याच्या दप्तराची! पिंपातून काचेचा धूर यावा तसा भुगा उडत होता, दंड भरून आले होते आणि तरी आत काही रितं होत नव्हतं. शेपटीच्या नावाची एकही पट्टी तिनं अजून उचलली नव्हती.

शेपटी दवाखान्यातून परतताना आत आली. तिची आई बाहेर बाबांशी बोलत थांबली. हाड शाबूत आहे, एक नख जाईल, असं कानावर आलं. पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला हात शेपटीनं दुसऱ्याच कुणाचा असावा तसा छातीशी धरला होता.

"का केलंस?" हा प्रश्न खरं तर शेपटीनं विचारायचा. विचारला हिनं.

शेपटीनं पिंपात डोकावून पाहिलं. "गेल्या वर्षी तू मॉनिटर होतीस. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचीस, तेव्हा पहिलं माझं. मी गप्प बसले असले तरी."

"मी मैत्रिणीचीही गय करत नाही, हे सगळ्यांना कळावं म्हणून."

"कळलं की सगळ्यांना."

निवडणुकीच्या भाषणात तिनं हेच तर सांगितलं होतं, छाती पुढे काढून. आणि आपल्या पहिल्या बाकाकडे बघून क्षणभर थांबली होती, टाळ्यांसाठी. शेपटीनं तेव्हाही वाजवल्या होत्या... वाजवल्या होत्या का? चेहरा आठवेना. एवढ्या जवळचा चेहरा, आणि आठवेना.

"मग आज खोटं का बोललीस?"

"नाव सांगायची सवय तुला आहे," शेपटी म्हणाली. आवाजात राग नव्हता, तोच असता तर बरं झालं असतं. "मला नाही."

बाहेरून आईची हाक आली आणि ती गेली.

एक पट्टी उरली होती, लांब, चांगली रुंद. तिनं ती दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली आणि तिला नाव सापडेना. मुद्दाम पाडलं मी... तिनं तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं, आणि ते फुशारकीसारखं वाटलं. पुन्हा म्हणून पाहिलं, हळू. आता ते रडण्यासारखं वाटलं. परत कामाला लागलेल्या बाबांचा हात रेघ ओढता ओढता थांबला होता, ते तिच्याकडे बघत होते, आणि ती ते वाक्य तिसऱ्यांदा जुळवत होती, मुद्दाम, मी, मुद्दाम — मोठ्यानं म्हटलं तर ते कसं निघेल, याची तिला पहिल्यांदाच भीती वाटत होती.