पिलांचं आगळ

अर्चनाचं वागणंच रुक्मिणीला पटत नव्हतं. कोंबडीची टुणटुणीत, नाचती पिलं. आणि ही सून रोज सकाळी त्यांच्या कण्यांत म्हापशाच्या दुकानातली पिवळी पूड कालवते!

"दुखत नाय, खुपत नाय, मग औषध कशाक गो?"

"दुकानदार म्हणता, आजार जवळ येत नाय. आणि पिलां बेगीन भरतत, आई."

"मग तुझ्या घोवाकय घाल चमचाभर. लग्नापासून भरूक नाय तो."

घोव म्हणजे रुक्मिणीचाच मुलगा गोकुळदास. डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायचा. त्यानेच पिलं केबिनीत बसवून पेडण्याला आणली होती. अर्चनाचा हा पहिलाच धंदा. चतुर्थी सरली की कोंबड्या म्हापशाच्या एका खानावळीला द्यायचा तिने शब्द दिला होता.

रुक्मिणीचं म्हणणं तसं खोटं नव्हतं. उगाच औषध चारत राहिलं की खरा आजार त्या औषधाला भीक घालत नाही, हे तिला गुरांच्या डॉक्टरनेच सांगितलं होतं. एवढ्यावर थांबली असती तर शहाणी ठरली असती. पण शाळा दुसरीत सोडली, तेवढं एक सोडता ती आयुष्यात कुठेच थांबली नव्हती. पिलं आली त्याच वर्षी, सत्त्याऐंशीत, गोवा घटक राज्य झालं होतं आणि कोकणी की मराठी यावरून तिठ्यावरचे पुरुष अजून एकमेकांच्या अंगावर जात होते. रुक्मिणीने जाहीर केलं, "राज्य कोणाचांय असो, खुराड्यात माझां!"

पुडीचा डबा फळीवर गेला. कण्यांत लसूण आणि हळद आली. पाण्यात आगळ, म्हणजे कोकमाचा आंबट रस. घरात कोणाचं पोट बिघडलं की रुक्मिणी तोच पाजायची, आणि माणसाला चालतं ते कोंबडीला का चालू नये?

"किती घालूचां, आई?"

"माप तेका, जेच्या हाताक अंदाज नाय." तिने बरणी तिरकी केली. पाणी लालभडक झालं.

दुसऱ्या दिवशी पिलं पाण्यावरून हलेनात. खालचा भुसा चिकचिकीत झाला. संध्याकाळी पंख पाडून ती कोपऱ्यात गोळा झाली. रुक्मिणीने निदान केलं, दिष्ट लागली! आदल्या दिवशी शेजारच्या उषेने तोंडभर कौतुक केलं होतं ना! तिने मूठभर मीठ आणि मिरच्या खुराड्यावरून ओवाळल्या. अर्धं मीठ खाली सांडलं, ते पिलांनी टिपलं. वर "औषध कमी पडलां" म्हणत तिने आणखी आगळ ओतलं.

सकाळी दोन पिलं मेलेली निघाली. अर्चनाने पाण्यात बोट बुडवून चाखलं.

"आई, आगळ खारट आसा."

"खारट नसतला तर काय गोड? मिठाबिगर आगळ वर्सभर टिकता? मी स्वतः मुठी भरभरून..."

तिची नजर बरणीकडे गेली. मे महिन्यात बरणीत घातलेलं मीठ तिला दिसलं, कालचं ओवाळलेलंही दिसलं. जग तिच्या लोणच्याची तारीफ करायचं. तिने जित्या पिलांचंच लोणचं घातलं होतं.

"साधां पाणी घाला. भुसो बदला," अर्चना म्हणाली. आणि रुक्मिणी, जिने सासूचंही कधी ऐकलं नव्हतं, टोपली घेऊन भुसा काढायला वाकली. सुनेने बिनमिठाचं पातळ ताक वाटीने मोजून ठेवलं. पूड मात्र तिने खाली काढली नाही. "डॉक्टरान सांगल्यार बघूया," म्हणाली.

दिवस कलताना एक पिलू उठलं, मग दुसरं. शेवटी सगळी कण्यांवर तुटून पडली, तेव्हा रुक्मिणीने कंबर सरळ केली.

"खरां सांग, तुका आधी समाजलेलां?"

"पयल्याच दिसा वाटलेलां. पण तुमकां कोण सांगतला?"

रुक्मिणीने पदर खोचला.

"आयक गो. दोन पिलां गेली. एक माझ्या शहाणपणान, दुसरां तुझ्या गप्प बसण्यान. माझां शहाणपण ह्या वयात काय जावचां नाय. तेव्हा आता तोंड तूच उघड!"