मशीन आलं, बघणारं कोण?

क्लाइव्हच्या छातीचा स्कॅन होऊन महिना उलटून गेला तरी रिपोर्टचा पत्ता नव्हता. माझं मन थाऱ्यावर नव्हतं. स्वच्छ ओव्हन पुन्हा घासत होते, घडी घातलेले कपडे उलगडून पुन्हा इस्त्री करत होते आणि फोन वाजला की हातातलं टाकून धावत होते. दर वेळी पलीकडे खिडक्या विकणारा कुणीतरी निघायचा.

“काही वाईट असतं तर कळवलं असतं की त्यांनी,” क्लाइव्ह शब्दकोड्यातून मान वर न करता म्हणाला.

“बघितलंच नसेल तर काय कळवणार, कपाळ?”

“डोरीन, माणसं कामात बुडालेली असतात तिथे. उगाच मागे लागू नये.”

एवढं बोलून तो खोकत स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडला. मला ऐकू येऊ नये म्हणून तो नळ सोडायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी या माणसाला वाटतं की मी बहिरी आहे.

गंमत म्हणजे ते स्कॅनचं मशीन गावात आणलं कुणी, तर त्यानंच. पूर्वी स्कॅनसाठी आमच्या किनाऱ्यावरच्या लोकांना बस बदलत बदलत शहरात जावं लागायचं. क्लाइव्हनं ते मनावर घेतलं. सुपरमार्केटच्या दारात थर्मामीटर रंगवलेला भलामोठा फलक उभा केला. निधी वाढला की लाल पारा एक बोट वर. सगळं गाव त्या पाऱ्याच्या मागे लागलं. बायकांनी केक विकले, देणग्यांच्या बोलीवर पाद्रीबाबा समुद्रात पोहले, चांभाराच्या मुलानं दाढी भादरून घेतली. मी इतकी लिंबाची वडी केली की आजही लिंबाचा वास आला तरी माझं डोकं फिरतं. मशीन आलं, फीत कापली गेली, भिंतीवर क्लाइव्हच्या नावाची पितळी पाटी लागली. त्या पाटीमुळेच तर आता तो फोन करायला तयार नव्हता. “लोक म्हणतील, मशीन आणलं म्हणून मिरवतोय,” म्हणे.

शेवटी त्याच्या पाठीमागे मीच आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन केला. रिसेप्शनवरच्या जॅनिसनं कॉम्प्युटरची बटणं बडवली.

“स्कॅन झालेला दिसतोय गं. रिपोर्ट नाही. रांगेत आहे.”

“कसली रांग? स्कॅन तर झाला ना?”

“फोटो झाले. ते वाचायला रेडिओलॉजिस्ट लागतो. तो बसेपर्यंत आमच्या डॉक्टरांना तरी काय कळणार?”

मंगळवारी रुग्णालयातल्या चहाच्या टपरीवर माझी पाळी असते. आम्ही गावातल्या बायका ती फुकट चालवतो आणि गळ्यातल्या बिल्ल्यामुळे आम्हाला कुठेही कुणी अडवत नाही. मी मोठ्या मगात चहा ओतला, वर बिस्किटं ठेवली आणि तडक मशीनच्या खोलीमागच्या अंधाऱ्या खोलीत शिरले. रांग मोडायला निघाले होते मी. आमच्याकडे माणसाचं बाकी सगळं माफ होतं, रांग मोडलेली माफ होत नाही. माझे कान तापले होते, पण पाय थांबत नव्हते.

आत डॉक्टर प्रोबर्ट एकट्याच बसल्या होत्या. समोर पडद्यावर कुणाचं तरी पोट, शेजारी दोन खुर्च्या रिकाम्या. एकीवर त्यांनी कोट टाकला होता.

“चहा मागवला नव्हता मी,” त्या म्हणाल्या, पण मग घेतला.

“मी क्लाइव्हची बायको. पाटीवाल्या क्लाइव्हची.” बोलता बोलता माझा आवाज चढला. “गावानं मशीन घेऊन दिलं तुम्हाला! आणि त्याचेच फोटो धूळ खात पडलेत!”

त्या चिडल्या नाहीत. नुसतं त्या खुर्च्यांकडे बोट दाखवलं. “या खुर्चीवरचे डॉक्टर निवृत्त झाले. त्या खुर्चीवरची न्यूझीलंडला गेली. जाहिरात देतोय, कुणी येत नाही. काही फोटो बाहेर पाठवतो वाचायला, तिथेही हीच तऱ्हा. आणि नवं मशीन आल्यापासून फोटो दुप्पट झाले. मी होते तेवढीच आहे. फीत कापली त्या दिवशी मी तुमच्या यजमानांना म्हटलं होतं, हे बघायला माणसं कुठून आणणार?”

“मग? काय म्हणाला तो?”

“म्हणाले, कुणाच्या पगारासाठी लोक केक विकत घेत नाहीत हो, डॉक्टर.”

मी रिकाम्या खुर्चीवर बसले, कोटावरच. म्हणजे त्याला ठाऊक होतं. मला एका शब्दानं बोलला नव्हता. रांग कशानं लांबली हे माहीत असलेला माणूस त्याच रांगेत गप्प उभा होता.

“अर्जंट असलेले मी आधी बघते,” डॉक्टर म्हणाल्या. “कधी चुकवत नाही. पण तुमच्या यजमानांचं तसं काही...” त्यांनी पडद्यावर त्याचं नाव काढलं. “किरकोळ खोकला. वजन ठीक. रक्त नाही.”

“काय नाही?”

“थुंकीतून रक्त. तुमच्या डॉक्टरांनी विचारलेलं दिसतंय. उत्तर, सांगण्यासारखं काही नाही.”

त्याचे रुमाल धुते कोण? मीच ना! आता बेसिनमध्ये स्वतः धुवायला लागलाय, तरी डाग मला कळतात. कमरेच्या पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोक पाडलंय, तेही मी पाहिलंय. आणि डॉक्टरसमोर साहेब सांगतात, सांगण्यासारखं काही नाही! कुणाला त्रास नको म्हणून!

“खोटं बोललाय तो,” मी म्हणाले. “रक्त पडतंय. उन्हाळ्यापासून.”

डॉक्टर प्रोबर्टनी चहाचा मग बाजूला ठेवला. “हे कुणीच सांगितलं नाही आम्हाला,” असं म्हणून त्यांनी समोरचं पोट बंद केलं आणि क्लाइव्हची छाती उघडली. मला त्या करड्या ढगांतलं काही कळत नव्हतं, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. एका जागी त्यांचा हात थांबला. मागे गेला. पुन्हा तिथेच आला.

“मी तुम्हाला काही सांगू शकत नाही, त्यांनाच सांगावं लागेल,” त्या म्हणाल्या आणि फोन उचलता उचलता माझ्याकडे वळल्या. “त्यांना आज घेऊन या. आत्ता.”

चहाला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

घरी जाऊन मी क्लाइव्हला कोट घालायला लावलं. गाडीत बसल्यावर त्यानं विचारलं,

“रांग मोडलीस?”

“नाही. रक्ताचं सांगितलं. तुझी जागा पहिल्यापासून पुढेच होती, गाढवा.”

तो खिडकीबाहेर बघत राहिला. सुपरमार्केटच्या दारातला थर्मामीटर मागे पडला, अजून कुणी काढला नव्हता. वरपर्यंत लाल.

“माझ्या पुढे जे होते,” तो म्हणाला, “ते सगळे आता एकेक जागा मागे जाणार गं. त्यांचे फोटो पण कुणी बघितले नाहीत.”

मी गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवर डोकं ठेवून इतकं मोठ्यानं रडले की शेजारच्या गाडीतल्या बाईनं काच वर केली. क्लाइव्हनं गडबडून खिशातला रुमाल काढून पुढे केला, मग एकदम आठवल्यासारखा मुठीत चुरगाळून मागे घेतला.

“दे इकडे,” मी म्हणाले. “मीच धुते ना.”