अशांत दिवसाची मोजणी

बुधाजीने अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत चौतीस वर्षं नोकरी केली आणि चौतीस वर्षं लोखंडाशी वैर धरलं. त्याला इलाज नव्हता. पृथ्वीचं चुंबकत्व केसभर हललं तरी तिथल्या यंत्रांना कळायचं, मग माणसाच्या खिशातली चावी कळल्यावाचून कशी राहील? म्हणून यंत्रांच्या खोलीकडे जाणाऱ्याचे खिसे रिकामे करून घेणं आणि रोजचे आकडे वहीत मांडणं हे बुधाजीचं काम. एकदा दिल्लीचा कोणी बडा साहेब आला, तर याने त्याचाही पट्टा काढून ठेवला. साहेब बिचारा दोन्ही हातांनी पँट धरून विज्ञान बघत फिरला.

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी एक सवय त्याच्या अंगातून गेली नव्हती. रोज सकाळी नऊ वाजता तो अनंताला फोन लावायचा. हा अनंता त्याच्याच हाताखाली शिकलेला आणि अजून वेधशाळेत कामाला असलेला. बुधाजीचा प्रश्न ठरलेला असायचा, "आज दिवस कसा हाय?" म्हणजे पृथ्वीचं चुंबकत्व स्थिर आहे की हलतंय. अनंता सांगायचा, "शांत," किंवा "जरासा अशांत." ते ऐकलं की बुधाजी चहाचा कप तोंडाला लावायचा. या माहितीचा त्याला काडीचा उपयोग नव्हता. पण गावातली माणसं भरती-ओहोटी विचारतात, तशी हा आभाळाची खबर घ्यायचा, आणि त्यात त्याला सुख होतं.

एरवीही त्याचं बरं चाललं होतं. चौलच्या अलीकडे वाडवडिलांची भातशेती होती, मागच्या पडवीत पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या होत्या, आणि बायको सगुणा चार शब्द जास्त बोलली तरी मायेने बोलायची. खुपत होती ती एकच गोष्ट. शेजारचं शेत धाकट्या भावाचं, अंबाजीचं होतं, आणि त्या भावाशी बुधाजी बारा वर्षं बोलला नव्हता.

कारण बांध. बारा वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमाराला कामावरून येताना बुधाजीची नजर मधल्या बांधावर पडली आणि त्याला वाटलं, बांध आपल्या बाजूला सरकलाय. "तू बांध कोरलास," तो तिथल्या तिथे म्हणाला. अंबाजी म्हणाला, "दादा, मी हात न्हाय लावला." एक म्हणे कोरला, एक म्हणे नाही, आणि तिथून दोघांनी तोंडं फिरवली ती फिरवलीच. बायकांनी मात्र हे भांडण मनावर घेतलं नाही. सगुणा आणि अंबाजीची केसर या दोघी जावा बाजाराला बरोबर जायच्या, पापड बरोबर लाटायच्या आणि आपापल्या नवऱ्यांच्या नावाने बरोबरच कपाळाला हात लावायच्या.

दोन हजार चोवीसच्या मे महिन्यात केसरच्या मनात आलं की पावसाआधी बांधालगत आंब्याची चार कलमं लावावीत. पण बांध कोणाचा, हेच ठरलेलं नव्हतं. मग दोघी जावांनीच परस्पर मोजणीवाली ठरवली. अक्षय तृतीया शुक्रवारी होती. तिच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोजायचं ठरलं. कॅलेंडर बघितलं, राहुकाळ बघितला, सगळं निर्विघ्न होतं.

त्या शनिवारी सकाळी बुधाजी इतका उतावीळ झाला होता की सहा वर्षांत पहिल्यांदाच नऊचा फोन राहिला. आता निकाल लागणार होता. तो खरा की अंबाजी खरा, ते सगळ्या गावासमोर ठरणार होतं.

मोजणीवाली प्रणाली नावाची चटपटीत मुलगी होती. तिच्या काठीच्या टोकाला उपड्या वाडग्यासारखं यंत्र होतं, आणि ते उपग्रहांकडून जागा विचारून घ्यायचं. ती काठी रोवून उभी राहिली आणि बराच वेळ उभीच राहिली.

"आज सिग्नल फार नखरे करतोय, काका," ती म्हणाली. "आकडा स्थिरच होत नाहीये."

हे वाक्य बुधाजीने ऐकलं. चौतीस वर्षं ज्याने थरथरणाऱ्या आकड्याला कधी वहीत घेतलं नव्हतं, त्याच्या मनात शंका आलीही. पण तो गप्प बसला. आपल्या फायद्याचा निकाल येत असला की माणसाच्या कानात बोळे बसतात.

दुपारी प्रणालीने खुणेच्या खुंट्या मारल्या. खरी हद्द बांधाच्या पलीकडे, अंबाजीच्या शेतात पाच फूट आत निघाली. म्हणजे बांध बुधाजीच्या जमिनीत पाच फूट घुसलेला होता. बारा वर्षं तो ओरडत होता तेच.

त्याने अंबाजीकडे पाहिलं. अंबाजी भांडेल, यंत्राला शिव्या देईल, असं त्याला वाटलं होतं. अंबाजी खुंट्यांकडे बघत उभा राहिला आणि केसरला म्हणाला, "सांग त्यांना. मना म्हायत नव्हतं." एवढं बोलून तो घरी गेला.

संध्याकाळी बुधाजी दोन भाकऱ्या जास्त जेवला. "बघितलास? मी काय सांगत व्हतो?" तो सगुणाला म्हणाला.

"बघितला," सगुणा म्हणाली. "आता पोट भरला ना?"

रविवारी सकाळी नऊला त्याने मोठ्या खुशीत फोन लावला. अनंताची रविवारची पाळी होती.

"बुधाजीभाऊ, काल कुठे होतात?" अनंता ओरडलाच. "अहो, वीस वर्षांत असं वादळ झालं नाही! शुक्रवारी रात्री सूर्यावरचा धक्का आला तो काल दिवसभर आलेख नुसता उड्या मारत होता. तिकडे लडाखात आभाळ लाल झालं म्हणे. रेडिओ बंद, उपग्रहांची अंतरं चुकलेली. तुम्ही असतात तर वेडे झाला असतात."

बुधाजीच्या हातातला चहा तसाच राहिला. हे वादळ पावसाचं नव्हतं की वाऱ्याचं नव्हतं. खाली पान हललं नव्हतं. पण वर काय झालं असेल ते त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं, आणि त्याबरोबर प्रणालीची ती काठीही.

त्याच्या मनाने लगेच वकिली सुरू केली. पाच फूट नसतील, दोन तरी असतीलच की. आणि हे गावात कळणार कोणाला? ज्याला कळतं असा या पंचक्रोशीत एकच माणूस, आणि तो गप्प बसायला तयार असला तर संपलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. बारा वर्षांनी आपलं खरं झालं होतं हो! ते एका रात्रीत सोडून द्यायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

एवढ्यात सगुणा बाहेरून आली. "अवो, भावजी बांध तोडतान."

बुधाजी तसाच अनवाणी धावला. उन्हात अंबाजी एकटाच कुदळ मारत होता. सहा-सात हात बांध त्याने फोडला होता आणि ती माती घमेल्याने नेऊन खुंट्यांच्या रेषेवर, स्वतःच्याच शेतात, टाकत होता. साठीला आलेला माणूस, अंगातून घामाच्या धारा लागलेल्या, आणि आपल्याच जमिनीतून पाच फूट भावाला काढून देत होता. बुधाजीला हे बघवेना.

"थांब!" तो ओरडला. बारा वर्षांतला हा पहिला शब्द.

अंबाजीने मान वर केली नाही. "थांबू कशाला? तुजा तुला देतो. बाबा गेले तवापासून मीच नांगरतो या बाजूनं. दर वर्साला चार बोटं सरकला असंल. मना कललं न्हाय. पन खाल्ला तो खाल्ला."

"न्हाय खाल्लास. कालची मोजनी खोटी हाय."

आता अंबाजी थांबला. बुधाजी धापा टाकत बांधावर बसला आणि सांगू लागला.

"ता यंत्र जमीन मोजत न्हाय, अंबाजी. आभालातल्या उपग्रहाकडनं निरोप निघतो, तो यायला किती येल लागला त्यावरनं अंतर काढतो. शंभर कोसांवर जी हवा हाय ना, ती विजेनं भारलेली. रोज ती एकसारखी असते. पन सूर्यावरनं धक्का आला आनि धरतीचा चुंबक हलला की ती हवा फुगते. हितं दाट, तितं पातल. निरोप तिच्यात अडखलतो. तू खाजनातल्या चिखलातनं आलास तर उशीर व्हनार का न्हाय?"

"व्हनार."

"यंत्राला वाटतं, तू लांबनं आलास. मंग हद्द भलतीकडं पडते. काल दिसभर तसाच व्हता. मना आत्ता अनंतानं सांगितलं."

अंबाजी कुदळीवर रेलून आभाळाकडे बघत राहिला. मेचं स्वच्छ, निळं आभाळ, एक ढग नाही.

"म्हंजे वर चिखल झाला व्हता," तो शेवटी म्हणाला.

"व्हय."

"आनि त्या चिखलानं मना चोर केला."

अंबाजीने कुदळ खांद्यावर टाकली. "तुजी हुशारी तुज्यापाशी ठेव, दादा. परत मोज. परत पाच फूट निघाला तर मी परत खनीन."

परत मोजायचा दिवस बुधाजीने ठरवला. या वेळी कॅलेंडर भिंतीवरच राहिलं. आठवडाभर तो सकाळी अनंताला विचारत होता, आणि अनंता "शांत" म्हणाला तरी आणखी एक दिवस थांबत होता. चौथ्या "शांत"ला त्याने प्रणालीला बोलावलं. ती आधी जराशी फुरंगटली होती, पण सगळं ऐकल्यावर म्हणाली, "काका, आकडा स्थिर होत नव्हता तेव्हाच मी निघायला हवं होतं." बुधाजी म्हणाला, "मी तुला तवाच सांगायला पायजे व्हता. मना कललं व्हतं." सगुणाने हे ऐकून नवऱ्याकडे पाहिलं.

प्रणालीने तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा आकडा मुकाट्याने एका जागी बसला. मग ती जुन्या बांधापाशी गेली, फुटलेल्या भागातून पलीकडे आली, परत अलीकडे आली आणि हसली.

"हद्द बांधावरच आहे," ती म्हणाली. "मधोमध. चार बोटांचाही फरक नाही. हा बांध कोणी हलवलेलाच नाही."

केसरने सगुणाचा हात धरला. बुधाजीला वाटलं होतं, खरं कळलं की हायसं वाटेल. पण त्याची नजर अंबाजीच्या घराकडे गेली. बारा वर्षांत अंबाजीच्या घरी दोन लग्नं झाली होती आणि एकाही मांडवात तो उभा राहिला नव्हता.

प्रणाली सामान आवरायला गेली. अंबाजी भावाजवळ आला.

"दादा, एक इचारू? बारा वर्सांपूर्वी तू बांध कशानं मोजलावतास?"

"डोल्यांनी."

"त्या दिसाला वरची हवा कशी व्हती?"

प्रश्नात खोच नव्हती. धाकट्याने थोरल्याला पळवाट काढून दिली होती. नुसतं "अशांत" म्हटलं असतं तर सगळं आभाळावर ढकलून दोघं मोकळे झाले असते, आणि अंबाजी ते खरंही मानून चालला असता. पण त्या दिवसाची नोंद बुधाजीने स्वतःच्या हाताने केली होती, आणि ती त्याला पाठ होती.

"हवा शांतच व्हती, अंबाजी," तो म्हणाला. "मीच भडकलेलो."

हे बोलताना तो सगळ्यांदेखत रडला. अंबाजीने त्याला रडू दिलं. मग कुदळ त्याच्या हातात दिली आणि स्वतः घमेलं घेतलं.

"चल," तो म्हणाला, "पावसाआधी बांध भरून घेऊ."